वचनगुप्ती, कायगुप्ती आणि संवाद



संवाद म्हटला की प्रथम डोळ्यांसमोर येतो तो बोलणारा मनुष्य. ऐकणारा नंतर आठवतो. आणि बोलणाऱ्याचे हात, डोळे, उभे राहण्याची ढब हे सारे तर बहुधा आठवतच नाही. जैन आचार्यांनी मात्र या विषयाचा विचार निराळ्या टोकापासून केला. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभीच आचार्य उमास्वामींनी शरीर, वाणी आणि मन यांच्या क्रियेला 'योग' असे नाव दिले आणि कर्माचा आस्रव याच तीन वाटांनी होतो, असे सांगितले. सूत्रातील क्रमात शरीर पहिले आहे, वाणी दुसरी. पुढे नवव्या अध्यायात संवराचा विचार येतो, तेथेही मनोगुप्ती, वचनगुप्ती आणि कायगुप्ती अशा तीन गुप्ती आहेत. समिती पाच : ईर्या, भाषा, एषणा, आदाननिक्षेपण आणि उत्सर्ग. त्यांपैकी बोलण्याशी थेट संबंध असलेली समिती एकच. उरलेल्या चारही समिती चालावे कसे, घ्यावे कसे, ठेवावे कसे, टाकावे कसे, म्हणजे देह कसा वागवावा याविषयीच्या आहेत. ज्याला आज 'देहबोली' म्हणतात तिच्याकडे इतक्या बारकाईने पाहणारी आचारसंहिता अन्यत्र क्वचितच सापडेल.

येथे एका लोकप्रिय गैरसमजाचा परामर्श घेणे आवश्यक आहे. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांतून आणि व्यवस्थापनाच्या वर्गांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : संवादात शब्दांचा वाटा अवघा सात टक्के, आवाजाचा अडतीस टक्के आणि देहबोलीचा पंचावन्न टक्के. ही आकडेवारी अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या दोन प्रयोगांतून निघालेली आहे. त्या प्रयोगांत एकेकटे शब्द निरनिराळ्या स्वरांत ऐकविले होते, चेहऱ्यांची छायाचित्रे दाखविली होती आणि ऐकणाऱ्याने एवढेच ठरवायचे होते की, बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी आहे की नाही. शब्द एक सांगतो आणि स्वर किंवा चेहरा दुसरेच सांगतो, अशा विसंगतीच्या प्रसंगी मनुष्य कशावर विश्वास ठेवतो, एवढाच तो प्रश्न होता. हे आकडे सर्व संवादाला लागू नाहीत, असे खुद्द मेहराबियन यांनी स्पष्ट केलेले आहे. तरीही ते वाक्य अर्धशतकाहून अधिक काळ फिरते आहे. शब्द केवळ सात टक्के असता, तर गौतम गणधरांना द्वादशांगाची रचना करण्याचे प्रयोजन काय होते? आणि परक्या प्रांतात भाषा न जाणणाऱ्या प्रवाशाला औषधाच्या दुकानात घाम का फुटावा? मात्र विसंगतीच्या प्रसंगी मनुष्य डोळ्यांवर अधिक विश्वास ठेवतो, एवढा मुद्दा खरा आहे. तो पुढे उपयोगी पडणार आहे.

भगवान महावीरांच्या चरित्रातील दोन प्रसंग या विषयाच्या मुळाशी नेणारे आहेत. दिगंबर परंपरेनुसार वैशाख शुद्ध दशमीला भगवंतांना केवलज्ञान झाले. परंतु त्यानंतर सहासष्ट दिवस दिव्यध्वनी प्रकट झाला नाही. ज्ञान पूर्ण होते, समवसरण सिद्ध होते, देव आणि मनुष्य प्रतीक्षेत होते. अभाव होता तो ती वाणी झेलू शकणाऱ्या गणधराचा. इंद्रभूती गौतम आले आणि राजगृहाच्या विपुलाचलावर पहिली देशना झाली. उत्तरेकडील पंचांगात ती तिथी श्रावण कृष्ण प्रतिपदा. आपल्याकडील अमान्त पंचांगात तीच आषाढ वद्य प्रतिपदा होते, म्हणून वीरशासन जयंतीच्या तिथीविषयी घरोघरी जो घोळ होतो त्याचे कारण एवढेच. श्वेतांबर परंपरेत हाच विचार वेगळ्या रूपाने येतो. पहिल्या देशनेला बसलेल्या परिषदेत व्रत स्वीकारणारा कोणीच नव्हता, ती देशना निष्फळ ठरली आणि दहा आश्चर्यांत तिची गणना झाली. दोन्ही परंपरांचे तपशील भिन्न आहेत. पण सर्वज्ञाच्या वाणीलासुद्धा श्रोता लागतो, यावर त्यांचे एकमत दिसते.

इंद्रभूती आले ते वाद करण्यासाठी. दिगंबर कथेत समवसरणापुढचा मानस्तंभ दृष्टीस पडताच त्यांचा अभिमान गळून पडतो. एक शब्दही उच्चारला जाण्यापूर्वी अर्धे काम पूर्ण झालेले असते. श्वेतांबर कथेत भगवंत त्यांना नावाने आणि गोत्राने हाक मारतात आणि आत्मा आहे की नाही ही त्यांनी कधी कोणाला न सांगितलेली शंका आपण होऊन बोलून दाखवितात. एका कथेत दृश्याने काम केले, दुसरीत शब्दाने. समवसरणाच्या वर्णनातील आणखी एक तपशील येथे लक्षात घेण्याजोगा आहे. भगवंतांचे मुख चारही दिशांना दिसते; बारा कोठ्यांत बसलेल्या कोणालाही पाठ दिसत नाही. त्याला अतिशय म्हणावे, भक्तीची भाषा म्हणावी. परंतु ज्याने हे वर्णन प्रथम केले त्याला एवढे निश्चित ठाऊक होते की, वक्त्याची पाठ दिसणे म्हणजे श्रोत्याने अर्धे गमावणे. भाषेच्या निवडीतही हीच दृष्टी होती. पंडितांची संस्कृत बाजूला ठेवून अर्धमागधी या लोकभाषेतून उपदेश झाला, असे आगम सांगतात. पुढे जैनांनी जेथे वस्ती केली तेथील भाषा आपली मानली. कन्नड साहित्याचा आरंभकाळ जैन कवींनी घडविला. श्रवणबेळगोळच्या बाहुबलींच्या पायांशी चामुंडरायाचे नाव सांगणारा लेख कन्नड आणि तमिळ यांच्याबरोबर मराठीतही कोरलेला आहे आणि मराठीच्या सर्वांत जुन्या ज्ञात शिलालेखांत त्याची गणना होते.

आता देहाच्या भाषेकडे वळू. उत्तराध्ययन सूत्राच्या छत्तीस अध्ययनांतील पहिलेच अध्ययन विनयावर आहे. विनीत शिष्य कोण, याचे उत्तर देताना तेथे गुरूची आज्ञा पाळणारा एवढ्यावर न थांबता गुरूचे 'इंगित' आणि 'आकार' जाणणारा असे म्हटले आहे. इंगित म्हणजे भुवई, मान, बोट यांची सूक्ष्म हालचाल. आकार म्हणजे चेहऱ्यावरील भाव. सांगितल्यावर करणे ही आज्ञाधारकता झाली. न सांगता समजणे हा विनय. त्याच अध्ययनात गुरूंच्या अगदी बाजूला, अगदी समोर वा पाठीशी बसू नये, मांडीला मांडी लावू नये, अंथरुणावर पडल्यापडल्या उत्तर देऊ नये, असे अनेक बारीक नियम येतात. आजच्या पिढीला ते जुनाट शिष्टाचार वाटतील. पण दोन माणसांतील अंतराचा अर्थ काय होतो, याचा अभ्यास पाश्चात्त्य देशांत एडवर्ड हॉल यांच्या १९६६ सालच्या ग्रंथाने विशेष पुढे आणला आणि त्याला एक नवी विद्या मानले गेले, हेही ध्यानी असावे. आपल्याकडे नाट्यशास्त्राने आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे अभिनयाचे चार भेद करून रंगभूमीपुरता हा विचार केलेलाच होता. आगमांनी तो उपाश्रयात आणला. नट दाखविण्यासाठी हात उचलतो. साधूला मात्र उचललेल्या प्रत्येक हाताचा हिशेब द्यावा लागतो.

दिगंबर मुनींची आहारचर्या ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना देहाच्या भाषेचा याहून चांगला पाठ दुसरा मिळणार नाही. सकाळी मंदिरात दर्शन करून मुनी आहारासाठी निघतात. डाव्या हातात पिंछी-कमंडलू आणि उजव्या हाताची बोटे एकत्र करून खांद्यावर टेकविलेली. ही मुद्रा म्हणजेच विचारणा. तोंडाने मागणे नाही, दारावर थाप नाही, कोणाच्या घरात डोकावणे नाही. कित्येकदा मुनींनी मनात एखादा नियमही घेतलेला असतो. अमुक वस्तू हाती घेतलेला श्रावक दिसला, किंवा अमुक रीतीने दांपत्य उभे असले, तरच आहार घ्यावयाचा. हे वृत्तिपरिसंख्यान तप होय. तो नियम कोणाला सांगितला जात नाही. दारोदार श्रावक कलश, श्रीफळ, फळे घेऊन उभे असतात आणि मुनी शांतपणे पुढे निघून जातात. विधी मिळाला नाही तर मागे फिरतात, उपवास होतो. चेहऱ्यावर ना नाराजी, ना सूचना.

श्रावकाची बाजू मात्र याच्या अगदी उलट आहे. त्याला बोलणे बंधनकारक आहे. 'नमोऽस्तु' असे तीन वेळा म्हणून, थांबण्याची प्रार्थना करून तो मुनींना पडगाहतो. मग उच्चासन, पादप्रक्षालन, पूजा, नमस्कार; आणि त्यानंतर मन शुद्ध आहे, वचन शुद्ध आहे, काया शुद्ध आहे, आहारजल शुद्ध आहे हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगावयाचे. ही नवधा भक्ती. यात एक सूक्ष्म व्यवस्था आहे. जो घेणारा आहे तो देहाने बोलतो, कारण त्याच्या शब्दाला याचनेचा स्पर्श होऊ नये. जो देणारा आहे त्याने शब्दाने उत्तरदायित्व स्वीकारावयाचे, कारण चौक्यातील शुद्धीची ग्वाही केवळ हात जोडून देता येत नाही. पुढे मुनी उभे राहून करपात्रात मौनाने आहार घेतात. नको असलेला पदार्थ आला तर ओंजळ मिटते. केस निघाला, जीव आढळला, तर अंतराय होतो आणि आहार तेथेच संपतो. ओंजळ सुटली की भोजन संपले, हे घरातल्या लहान मुलालाही सांगावे लागत नाही.

श्वेतांबर परंपरेतील चंदनबालेची कथा याच जातीची आहे. भगवंतांनी मनोमन घेतलेला अभिग्रह कौशांबी नगरीत पाच महिने पंचवीस दिवस कोणालाही उमगला नाही. अखेर उंबरठ्यावर बेड्या घातलेली, मुंडित मस्तकाची चंदना सुपात उडदाचे बाकळे घेऊन उभी दिसली. सर्व अटी जुळल्या, परंतु डोळ्यांत अश्रू नव्हते, म्हणून भगवंत परतू लागले आणि ते पाहून तिचे डोळे भरून आले, असे कथाकार सांगतात. संपूर्ण प्रसंगात भगवंत एकही शब्द बोलत नाहीत.

तेराव्या शतकातील पंडित आशाधरांनी सागारधर्मामृतात श्रावकाच्या भोजनमौनाविषयी एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. मौन धरून जेवणाऱ्याने आवडत्या पदार्थाच्या लोभाने हुंकार वगैरे खुणाही करू नयेत. म्हणजे जीभ गप्प आणि भुवया बोलत आहेत, हे मौन नव्हे. घरोघरी मौनव्रताच्या दिवशी काय चालते, हे येथे बसलेल्या माताभगिनींना सांगावयास नको. शब्द एकही नाही; पण ताट पुढे सरकविण्याचा आवाज, भांड्याकडे दाखविलेले बोट आणि मीठ कमी पडल्याची ती नजर! इतरांची धावपळ बोलत्या दिवसापेक्षा त्या दिवशीच अधिक होते. वचनगुप्ती कायगुप्तीवाचून अपुरी राहते, हे आशाधरांनी सातशे वर्षांपूर्वी जेवणाच्या पाटावरच दाखवून दिले आहे.

येथपर्यंतचे ऐकून कोणाला वाटेल की, शब्दापेक्षा देहच अधिक खरा. जैन कथावाङ्मय असे मानत नाही, आणि हीच या विषयातील सर्वांत मोलाची बाब आहे. पोतनपूरचे राजे प्रसन्नचंद्र यांनी लहान मुलाला गादीवर बसवून दीक्षा घेतली. एका पायावर उभे, हात वर केलेले, दृष्टी स्थिर अशा मुद्रेत त्यांना पाहून राजा श्रेणिक भारावून गेला. भगवंतांना त्याने विचारले, 'या क्षणी या ऋषींचे आयुष्य संपले तर त्यांना कोणती गती मिळेल?' उत्तर मिळाले : सातवा नरक. श्रेणिकाचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. घडले होते ते असे. वाटेने जाणाऱ्या दोन सैनिकांपैकी सुमुखाने ऋषींची स्तुती केली, तर दुर्मुखाने म्हटले की, यांनी पोरक्या मुलाला मंत्र्यांच्या स्वाधीन केले आणि आता ते मंत्रीच त्याचे राज्य गिळू पाहत आहेत. ते शब्द कानी पडताच ऋषींच्या मनात युद्ध पेटले. बाहेर पापणी हलत नव्हती, आत शस्त्रे चालत होती. शस्त्रे संपली तेव्हा शिरस्त्राण काढून फेकावे म्हणून हात मस्तकाकडे गेला, आणि हाताला लागले ते लोच केलेले मस्तक. त्या स्पर्शाने ते भानावर आले आणि पश्चात्तापाच्या त्या धारेत त्यांना केवलज्ञान झाले. श्रेणिकाने तोच प्रश्न काही वेळाने पुन्हा विचारला तेव्हा उत्तर पालटलेले होते. दरम्यान पाहणाऱ्याला दिसणारी मुद्रा जवळजवळ तीच होती!

बाहुबलींची कथा तर सर्वांच्याच परिचयाची आहे. दृष्टियुद्धाने आरंभ झालेल्या त्या द्वंद्वात, म्हणजे पापणी न लववता पाहण्याच्या स्पर्धेतही, भरत हरला. विजयाच्या क्षणी बाहुबलींना विरक्ती आली आणि ते वनात एक वर्ष कायोत्सर्गात उभे राहिले. अंगावर वेली चढल्या, पायांशी वारुळे झाली. श्रवणबेळगोळची सत्तावन्न फूट उंचीची मूर्ती आणि आपल्या कुंभोज-बाहुबलीची अठ्ठावीस फुटी मूर्ती याच मुद्रेत आहेत. देहाने त्याग व्यक्त करण्याची याहून उंच खूण नाही. आणि तरीही मनात एक शल्य उरलेच होते. दिगंबर पुराणांत ते भरताविषयीच्या विचाराचे आहे, भरताने येऊन वंदन केल्यावर ते दूर होते. श्वेतांबर कथेत ते धाकट्या भावांना वंदन करावे लागेल या अभिमानाचे आहे. तेथे ब्राह्मी आणि सुंदरी या भगिनी येतात आणि हत्तीवरून खाली उतरण्यास सांगतात. बाहुबलींना प्रथम काही कळत नाही. येथे हत्ती कोठे आहे? मग अर्थ उमगतो, आणि वंदनासाठी ते पाऊल उचलतात तोच ज्ञान प्रकट होते. वर्षभराच्या निश्चल देहाने जे साधले नाही ते बहिणींच्या एका वाक्याने साधले. आणि वाक्याने जे सुचविले ते पूर्ण झाले उचललेल्या पावलाने. शब्द मोठा की देह मोठा, या वादाला या कथेत जागाच उरत नाही.

म्हणूनच शब्द कसा असावा, यावर आचार्यांनी इतका भर दिला. आर्य शय्यंभवांनी आपला अल्पायुषी पुत्र मनक याच्यासाठी दशवैकालिक सूत्र रचले. त्याचे सातवे अध्ययन संपूर्णपणे वाक्यशुद्धीवर आहे. भाषेचे चार प्रकार तेथे गृहीत आहेत : सत्य, असत्य, सत्य-असत्य मिश्र, आणि जिला सत्यही म्हणता येत नाही व असत्यही नाही अशी व्यवहारभाषा; हाक मारणे, विचारणे, बोलावणे हे तिच्यात येते. साधूला पहिली आणि चौथी वापरण्याची मुभा आहे, तीही विचारपूर्वक. एकाक्ष माणसाला 'काणा' म्हणणे वस्तुस्थितीला धरून असले तरी ते बोलू नये, चोराला 'चोर' म्हणून हाक मारू नये, असे ते अध्ययन सांगते. पुढच्या काळाविषयी 'हे होईलच' अशी निश्चयाची भाषाही टाळावयास सांगितली आहे, कारण उद्याची खात्री बोलणाऱ्याच्या हाती नसते. तिसरा प्रकार, म्हणजे मिश्र भाषा, हा मात्र गृहस्थांनी अधिक काळजीने पाहण्यासारखा आहे. पूर्ण असत्य लवकर उघडे पडते. अर्धे सत्य मात्र दुकानात, सोयरिकीच्या बैठकीत आणि संस्थांच्या सभांत वर्षानुवर्षे टिकून राहते.

देहाच्या खुणा सर्वत्र सारख्या नसतात, याचेही भान हवे. आनंद, भय, किळस यांसारखे काही मूळ भाव चेहऱ्यावर सर्व मानवजातीत सारखेच उमटतात, हे मत डार्विन यांनी १८७२ साली मांडले आणि पॉल एकमन यांच्या संशोधनाने त्याला बळ मिळाले, तरी अभ्यासकांत त्यावर अद्याप मतभेद आहेत. मान हलविण्याची रीत तर प्रांतागणिक बदलते. मूकबधिरांची खुणांची भाषा ही पुन्हा वेगळीच गोष्ट आहे. ती देहबोली नव्हे. तिला स्वतःचे व्याकरण आहे, आणि भारतीय सांकेतिक भाषेसाठी २०१५ मध्ये केंद्र सरकारने दिल्लीत स्वतंत्र संशोधन व प्रशिक्षण केंद्रही स्थापन केले. आपल्या प्रवचनांना येणाऱ्या कर्णबधिर श्रावकांसाठी अशी जाणकार व्यक्ती किती ठिकाणी उभी केली जाते, हा प्रश्न या सभेपुढे असावा. मुखवस्त्रिकेचे उदाहरण विशेष बोलके आहे. स्थानकवासी आणि तेरापंथी साधु-साध्वींच्या मुखावर ती सदैव बांधलेली असते. अर्धा चेहरा झाकलेला असूनही डोळ्यांवरून आणि स्वरावरून वात्सल्य ओळखण्याची सवय त्यांच्या श्रावकांना पिढ्यान्पिढ्या आहे. २०२० च्या महामारीत साऱ्या जगाला मुखपट्टी बांधावी लागली, तेव्हा समोरचा हसतो आहे की रागावला आहे हे कळत नाही, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येऊ लागली. या समाजाला तो धडा नवा नव्हता.

क्षमापनेचा विषय येथे टाळता येणार नाही. प्रतिक्रमणात क्षमा मागताना देह वाकतो. दोन हात, दोन गुडघे आणि मस्तक ही पाच अंगे भूमीला लागतात आणि त्याच वेळी शब्द उच्चारले जातात. पूर्वी संवत्सरीनंतर, किंवा दशलक्षण पर्व संपल्यावर, लोक एकमेकांच्या घरी जात. परगावी पत्रे जात. मग छापील कार्डे आली. आता भ्रमणध्वनीवर एकच चित्र एका स्पर्शात पाचशे जणांना पोहोचते. त्यात गैर काही नाही. दूर देशी असलेल्या मुलाला आणखी कसे कळवावे? परंतु त्या पाचशे नावांत ते एक नाव असते, ज्याच्याशी वाटणीनंतर सात वर्षे बोलणे नाही, ज्याचे दुकान समोरच्याच फळीत आहे आणि ज्याच्याकडे न पाहता रोज सकाळी शटर उघडले जाते. त्याला तेच चित्र पोहोचते, जे उरलेल्या चारशे नव्व्याण्णवांना. शब्द क्षमेचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मान पुन्हा पलीकडे. मेहराबियन यांच्या प्रयोगातील विसंगती ती हीच, आणि अशा वेळी समोरचा कशावर विश्वास ठेवणार हे सांगावयास प्रयोगशाळा नको. धाकट्याने रस्ता ओलांडून जावे, थोरल्याने बसावयास खुर्ची पुढे करावी. शब्द त्यानंतर दोनच पुरेत. जेथे असे घडले तेथे कोर्टातले दावे मागे घेतले गेल्याची उदाहरणे प्रत्येक गावात वडीलधाऱ्यांना ठाऊक असतात.

शेवटी, वाणी थांबते तेव्हाचा विचार. आचार्य शिवार्यांच्या भगवती आराधनेत सल्लेखनेचे सविस्तर विवेचन आहे. क्षपकाची सेवा करणाऱ्या निर्यापकांची संख्या तेथे अठ्ठेचाळीसपर्यंत सांगितली आहे. कोणी पाठ ऐकवावयाचा, कोणी कूस बदलावयाची, कोणी दाराशी राहावयाचे अशी त्यांची कामे वाटून दिलेली आहेत. अखेरच्या अवस्थेत क्षपकाचे बोलणे थांबले, तर तो सावध आहे हे जाणावे कसे? शिवार्य सांगतात की, हुंकाराने, जोडलेल्या ओंजळीने, भुवईने, बोटांनी, डोळ्यांनी, वळलेल्या मुठीने, मस्तक हलवून तो आपली जाणीव व्यक्त करतो, आणि निर्यापकांनी त्या खुणा ओळखावयाच्या असतात. हा केवळ भक्तीचा प्रश्न नाही. १० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्याला आत्महत्येसमान मानणारा निर्णय दिला आणि ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. तेव्हा देशभर चर्चा झाली. त्यामागे हाही प्रश्न उरतो, की जो बोलू शकत नाही त्याची इच्छा अजूनही तीच आहे, हे कोणी आणि कसे ठरवावे. शिवार्यांनी हे ओझे खुणा ओळखणाऱ्यांच्या शिरावर ठेवले आहे. म्हणून त्या कामाला घाईचे, लोकांकडून वाहवा मिळविण्यास उत्सुक असलेले नातलग चालत नाहीत. क्षपकाचे इंगित जाणणारा निर्यापक हवा. खूण नकाराची असेल तर तीही त्याला वाचता आली पाहिजे.

चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली कुंथलगिरी येथे सल्लेखना घेतली. ८ सप्टेंबर १९५५ रोजी, सल्लेखनेच्या सव्विसाव्या दिवशी, त्यांनी मराठीतून अखेरचा उपदेश केला आणि तो ध्वनिमुद्रित झाला. अन्न सोडलेल्या देहातून आलेला तो स्वर आहे. संयम धारण करण्यास भिऊ नका, आत्मचिंतन करा, हे त्यातील सांगणे. १८ सप्टेंबरला महाराजांची समाधी झाली. तो आवाज आजही ऐकावयास मिळतो. परंतु बोलताना महाराज कसे बसले होते, पिंछी कोठे होती, कोणत्या वाक्याला हात वर झाला, समोरचा समुदाय कसा स्तब्ध झाला, हे ध्वनिमुद्रणात उतरलेले नाही. त्या दिवसांत कुंथलगिरीच्या पायऱ्या चढलेली, वडिलांच्या खांद्यावरून ते दर्शन घेतलेली माणसे आता ऐंशीच्या घरात किंवा त्यापुढे आहेत. अशी वडीलधारी मंडळी ज्यांच्या घरी असतील त्यांनी वेळीच त्यांच्याजवळ बसावे, ते मुद्रण त्यांना ऐकवावे आणि काय ऐकले हे न विचारता काय पाहिले ते विचारून लिहून घ्यावे. सांगताना त्यांचे हात आपोआप जोडले गेले, तर तेही टिपून ठेवावे.